जमीन चाचपणारी सळई

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी सळई आहे. माणसाच्या छातीला लागेन एवढी उंच, अंगठ्याएवढी जाड. खाली टोक, वर अल्गारोबो झाडाच्या लाकडाची आडवी मूठ. हे झाड म्हणजे आपल्या बाभळीची परदेशातली मावशी समजा. मला पाहून कोणी म्हणते काठी, कोणी म्हणते पहार. मी दोन्ही नाही. माझे अंग बधिर आहे. उन्हात ते तापते, पहाटेच्या धुक्यात गार पडते, पण त्याचे मला सुख नाही की दुःख नाही. मला जे काही कळते ते फक्त टोकाला. मधली कितीतरी वर्षे तर तिथेही काही कळत नव्हते. माझी गोष्ट बरीचशी त्याच वर्षांची आहे. तेव्हा ती रंगतदार असेल असा भरवसा मी देत नाही.

पेरू देशाच्या उत्तर किनाऱ्याला पोसो सेको नावाचे गाव आहे. तिथल्या साखर कारखान्यात मी आधी एका यंत्राचा दांडा होते. कारखाना बंद पडला, यंत्र भंगारात निघाले आणि कासिमिरो फारोन्यान नावाच्या तरुणाने मला उचलून लोहाराकडे नेले.

"कशाला हवी रे सळई? ढेकळं फोडायला?" लोहाराने विचारले.

"ढेकळांच्या खालचं बघायला," कासिमिरो म्हणाला.

लोहार हसला आणि त्याने मला टोक काढून दिले. पोसो सेकोत याहून जास्त कोणी विचारत नसे.

गावाबाहेर मातीचा एक डोंगर आहे. डोंगर कसला, कच्च्या विटांचा पिरॅमिडच तो. ज्यांची भाषा आता कोणालाच येत नाही अशा लोकांनी तो रचला आणि आपल्या सरदारांना, कुंभारांना, लेकुरवाळ्या बायांना त्याच्या पोटात निजवले. अशा पिरॅमिडला तिकडे वाका म्हणतात. आमची ती घुबडाची वाका, कारण तिच्या कपारींत घुबडांची बिऱ्हाडे आहेत. तासाभराच्या वाटेवर मोठे नावाजलेले पिरॅमिड आहेत, सोन्याच्या मुखवट्यांचे संग्रहालय आहे. बसगाड्या तिकडे जातात. आमच्याकडे बहुधा वाट चुकलेलेच येतात.

माझे काम तुम्हाला सांगते. मला जमिनीत उभी दाबायची. खाली रचलेल्या विटा असल्या की टोक अडते. थडग्यात टाकलेला भराव असला की मी भसकन आत जाते. मडक्याला लागले तर एक बारीक शहारा अंगातून वर मुठीपर्यंत जातो. तो शहारा वाचायला हात लागतो, आणि तसा हात कासिमिरोचा होता. मुलाच्या कपाळावर हात ठेवून आईने ताप ओळखावा, तसे तो जमिनीतले ओळखायचा. "मडकं," म्हणायचा, आणि मडके निघायचे. "हाड आहे, सोडा," म्हणायचा आणि मला काढून घ्यायचा. हाडांना तो कधी हात लावत नसे.

हे काम चांगले होते का? नव्हते, मित्रांनो. पण रानातली बोरे वेचावीत तशी गावातली माणसे वाकातली भांडी वेचत आली होती. शहरातून गिऱ्हाईक यायचे आणि घेऊन जायचे. आपण चोरी करतो असे कोणाच्या मनातही येत नसे. मला तर नुसते आत जायचे आणि बाहेर यायचे माहीत.

कासिमिरोच्या बायकोचे नाव आसुन्ता. ती घरी चिचा म्हणजे मक्याची दारू आंबवायची आणि कापूस पिंजायची. नवरा अंगणात बसून मला तेल लावू लागला की तिचे तोंड सुरू व्हायचे.

"तिच्याशीच लग्न लावायचं होतं. एवढं तेल माझ्या केसांना कधी मिळालं नाही."

"ती उलटून बोलत नाही गं. तेवढ्यासाठी तेल."

"एक दिवस बोलेल, तेव्हा तुला कळेल."

अशी त्यांची भांडणे. दोघेही हसत असत.

गुड फ्रायडेला सगळे गाव वाकावर जायचे. बायका तळलेली मासळी, उकडलेले कसाव्याचे कंद आणि चिचाचे तुंबे घेऊन, पुरुष फावडी घेऊन. तिकडची समजूत अशी की त्या दिवशी देवच मेलेला असतो, म्हणून वाकाच्या राखणदारालाही डुलकी लागते आणि जमिनीतली भांडी आपसूक वर सरकतात. जत्राच ती. खोदण्याआधी वाकाला उसाची दारू शिंपडायची, एक सिगारेट पेटवून मातीत खोचायची, परवानगी मागायची. कासिमिरोने त्या वर्षीही मागितली. मग दक्षिणेच्या उतारावर त्याने मला दाबले आणि मी भसकन आत गेले. त्याचे डोळे चमकले. दुपारपर्यंत त्याने आडवे भुयार पाडले. मला बाहेर उभी रोवून तो गुडघ्यांवर आत शिरला. चप्पल गाडीच्या टायरची, डोक्यावर गवती टोपी.

उतार खचला तेव्हा फारसा आवाज झाला नाही. पोते खाली ठेवावे तेवढाच झाला.

लोकांनी हातांनी माती उपसली. वरून आणखी माती येत राहिली. आसुन्ताने मला उपटले आणि जिथे तिथे दाबू लागली. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. आणि एका जागी माझ्या टोकाला लागले. ती वीट नव्हती, मडके नव्हते. आधी गवत लागले, टोपीच्या विणीचे. त्याच्या खाली कापड. कापडाखाली जे होते तेही मला कळले. मी तो शहारा वर पाठवला. पण आसुन्ताच्या हाताला कणीक कळायची, कापूस कळायचा, मी कळत नव्हते. तिने मला खेचून काढले आणि दोन हात पलीकडे दाबले. तेव्हा तो जिवंत होता की नव्हता ते मला सांगता यायचे नाही. लोखंडाला तेवढे समजत नाही. त्या क्षणापासून माझे टोक बधिर झाले.

मग तोरिबियो पुढे आला. तो शेजारी, आसुन्ताच्या लेकीचा धर्मपिता. म्हणून ती त्याला कोम्पाद्रे म्हणायची आणि तो तिला कोमाद्रे. माणूस लोण्यासारखा मऊ, पण त्याचा वाकावर भलता विश्वास. त्याने सगळ्यांचे हात धरले.

"थांबा रे! वाकाने त्याला ठेवून घेतलंय. आता जो त्याच्यामागे खणेल त्यालाही ती ठेवून घेईल. कोमाद्रे, ऐका माझं. आत राजाची मेजवानी असते. कासिमिरो पंगतीला बसलाय. वाकाला खूश ठेवा, पुढच्या गुड फ्रायडेला ती त्याला सोडेल. वाकाने सोडलेली माणसं माझ्या आजीने पाहिलीत."

उतार अजूनही ढासळत होता, आणि खोदायला बंदी असल्याने पोलिसांकडे जायची कोणाची छाती नव्हती. अशा वेळी माणसाला जे ऐकायचे असते तेच त्याला खरे वाटते. गाव घरी गेले. आसुन्ताही गेली.

पुढच्या गुड फ्रायडेला ती वाकाच्या पायथ्याशी येऊन बसली. मांडीवर इस्त्री केलेला पांढरा सदरा. माणूस वर्षभराने मातीतून येणार, त्याला अंगात घालायला नको? दिवस मावळेपर्यंत ती बसली आणि सदरा घेऊन परत गेली. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच, त्याच्याही पुढच्या वर्षी तेच. कॉलर विरली तेव्हा तिने ती उलटून शिवली. मृतांच्या दिवशी गावच्या बायका दफनभूमीत मेणबत्त्या आणि पाव घेऊन जात. आसुन्ता दारात उभी राहून त्यांना जाताना पाहायची. पाव ठेवायचा तर क्रूस हवा, क्रूस लावायचा तर माणूस हवा. तिला सवाष्ण म्हणावे तर नवरा नाही, विधवा म्हणावे तर मढे नाही. ती रडत नसे. कोणाशी भांडतही नसे. तिचे तोंडच बंद झाले. मी दारामागे उभी असे, ती चुलीपुढे बसलेली असे. दोघी सारख्याच गप्प.

मग सरकारने वाकाला कुंपण घातले, पाटी लावली आणि राखणदार हवा म्हणून गावात विचारले. पुरुष कोणी तयार होईना. ज्या झाडाची बोरे खाल्ली त्याचीच राखण कशी करणार? आसुन्ताने हात वर केला. साहेबांनी विचारले, "घरात कोणी खोदकाम करायचं का?" तिने मान हलवली. ती मान होकाराची की नकाराची हे साहेबांना कळले नाही, आणि त्यांना जेवायची घाई होती.

अशी मी राखणदारणीची काठी झाले. जी सळई वाकाचे पोट टोचायची ती आता वाकाच्या वाटेवर टेकत चालू लागली. माझे कौतुकही होई. चढताना कोणा म्हाताऱ्याला धाप लागली की आसुन्ता मला त्याच्या हातात देई. "किती भक्कम काठी आहे!" म्हातारा म्हणे. मला त्याचे काही वाटत नसे.

पाहुणे येत ते असे. एकदा एक गृहस्थ बायकामुलांसह आले, चौफेर पाहिले आणि म्हणाले,

"सोनं कुठे आहे?"

"संग्रहालयात. इथे माती आहे."

"मग बघायचं काय?"

"वर जा. वारा बघा, घुबडं बघा. फुकट रडायचं तर तेही करा, कोणी विचारत नाही."

त्यांना ही बाई तिरसट वाटली. तिरसट नव्हती ती. विझलेली होती.

वर जाणारी पायवाट तिनेच पायांनी पाडली होती. दक्षिणेच्या उतारावर ती वाट उगाच डावीकडे वळते, एका जागेला वळसा घालते आणि पुन्हा सरळ होते. कोणी विचारले, "इथे सरळ का नाही जायचं?" की ती म्हणे, "विटा सैल आहेत." खरे कारण वेगळे होते. तिच्या मते कासिमिरो तिथे होता. त्याच्या अंगावर कोणी पाय देऊ नये म्हणून तिने वाटच वाकवली होती.

आणि मित्रांनो, ती जागा चुकीची होती. तो वळणाच्या आत नव्हता. वळणाच्या खालीच होता. ती रोज त्याच्यावरून जायची, पाहुणे त्याच्यावरून जायचे, आणि मला टेकवत टेकवत. मला सगळे ठाऊक होते. पण टेकवलेली काठी काय सांगणार? मला कोणी तरी जमिनीत दाबायला हवे होते, आणि दाबणे ही आता चोरी होती. ती चोरी पकडायलाच तर आसुन्ताला नेमले होते.

वर्षे गेली. लेक लग्न होऊन लिमाला गेली. आसुन्ताचे केस पांढरे झाले. तोरिबियो दर गुड फ्रायडेला येऊन दारूची बाटली वाकापाशी ठेवून जायचा.

मग डॉक्टर ग्लादिस आल्या. औषधाच्या डॉक्टर नव्हेत, जुन्या विटांच्या. पाहुण्यांच्या बुटांनी वाका झिजते, म्हणून त्यांना दक्षिणेच्या उतारावर लाकडी जिना उभारायचा होता. बाई कामाला वाघ होत्या. विटेवर बसायच्या नाहीत, विटेला विचारल्याशिवाय पाय टाकायच्या नाहीत. मजुरांनी खांबांच्या जागी चुन्याच्या खुणा केल्या. एक खूण बरोबर त्या वळशाच्या मधोमध आली.

आसुन्ता मला घेऊन त्या खुणेवर जाऊन उभी राहिली.

"इथे खांब नको, डॉक्टरबाई."

"का हो, दोन्या आसुन्ता? विटा सैल आहेत?" दोन्या म्हणजे तिकडचे बाईसाहेब.

"नाही. माझा नवरा आहे."

मजुरांनी फावडी खाली केली. डॉक्टरबाईंनी डोक्यावरची टोपी काढली आणि तिच्याजवळ येऊन उकिडव्या बसल्या. आसुन्ताने सगळे सांगितले. ते सांगताना तिचा आवाज ना चढला ना उतरला. बाजारातला भाव सांगावा तसे सांगितले. भुयार, सदरा, राजाची पंगत, सगळे. मग म्हणाली, "आता मला काढून टाका कामावरून. पण त्याला बाहेर काढा आणि माझ्या ताब्यात द्या. मला त्याला पुरायचं आहे. दुसरं काही नको."

"आधी त्याला शोधू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमचं नंतर बघू."

खोदकाम सुरू झाले. फावड्याने नव्हे, पळीएवढ्या थापीने आणि कुंच्याने. आसुन्ता कडेला बसून होती, मांडीवर सदरा. खड्डा कमरेइतका खोल गेला. नुसत्या विटा. पुढे आणखी विटा, ज्या बांधणाऱ्यांनी ठेवल्या त्यानंतर कोणी हलवल्याच नव्हत्या. डॉक्टरबाई वर आल्या.

"इथे कोणी कधी शिरलंच नाही, दोन्या आसुन्ता."

तोरिबियो तिथेच काठी टेकून उभा होता. म्हातारा आता पार वाकला होता, तरी त्याचे डोळे लकाकले.

"मी काय सांगत होतो? गेला तो आत. पंगतीला बसलाय. कोमाद्रे, येत्या गुड फ्रायडेला..."

"पुरे!" आसुन्ता ओरडली. कितीतरी वर्षांत तिचा इतका मोठा आवाज मी ऐकला नव्हता. "पुरे, कोम्पाद्रे! माझी ताटकळण्यात जिंदगी गेली. आणि त्या तुमच्या बाटल्या सकाळी रिकाम्या व्हायच्या, त्या कोण प्यायचं? वाका?"

तोरिबियोने मान खाली घातली. "अर्ध्या मीच," तो पुटपुटला.

मजुरांमधला कोणी तरी हसला. आसुन्ता हसली नाही. ती उठली, तिने मला धरले, आणि या वेळी टेकवायला नाही. दोन्ही हातांनी आडवी मूठ धरून तिने मला उभी केली. ते धरणे पाहून डॉक्टरबाईंच्या कपाळावर आठी पडली.

"ती काठी नाही, दोन्या आसुन्ता."

"नाही."

"मी पहिल्याच दिवशी ओळखली होती."

"मग धरा मला. मी खुल्लमखुल्ला टोचणार आहे."

डॉक्टरबाईंनी हातातला कुंचा खाली ठेवला. मग मजुरांना म्हणाल्या, "चला, सगळे पाणी प्यायला चला," आणि पाठ करून झाडाच्या सावलीकडे चालू लागल्या. त्या शेवटपर्यंत वळल्या नाहीत.

आसुन्ताने वळशाच्या कडेने सुरुवात केली. वीट. वीट. पुन्हा वीट. मग तिने मला वळणावर, रोजच्या तुडवलेल्या वाटेवर दाबले. वरची माती कडक होती. तिने अंगाचा भार टाकला आणि मी भसकन आत गेले. टोक बधिरच होते, पण जागा तीच होती, म्हणजे खाली तेच गवत. जुने, कुसकरलेले, टोपीच्या विणीचे. मी शहारा वर पाठवला. मला कसलीच आशा नव्हती. पण मित्रांनो, ती माझ्यावर इतकी वर्षे टेकत आली होती. दगड लागला तर मी कशी कापते, ओल असली तर कशी रुतते, हे तिच्या तळहाताला तिच्या नकळत पाठ झाले होते. हात थबकला. तिने मला खेचले नाही. उलट मूठ घट्ट धरली आणि डोळे मिटले.

"इथे आहेस होय," ती म्हणाली. "अरे, मी तुझ्यावरूनच चालत होते की रे."

त्याला बाहेर काढायला कुंच्याचे काम पुष्कळ दिवस चालले. एखाद्या सरदाराला काढावे तितक्या जपून त्यांनी कासिमिरोला काढले. टायरच्या चपला तशाच होत्या. टोपीला माझ्या टोकाची दोन भोके होती, एक जुने, एक नवे. हातात काहीच नव्हते. ज्यासाठी तो आत शिरला होता ते त्याला मिळालेच नव्हते.

आसुन्ताने कुंपणाच्या फाटकाच्या किल्ल्या डॉक्टरबाईंपुढे ठेवल्या. "मी वाकाची राखण केली नाही, बाई. मी त्याची केली. आता दुसरं कोणी बघा." डॉक्टरबाईंनी किल्ल्या घेतल्या आणि तिचा हात बराच वेळ सोडला नाही.

गावाने रीतसर जागरण केले. चिचा झाली, पत्ते झाले, म्हाताऱ्यांनी त्याच्या खोड्या सांगितल्या. आसुन्ताने हाडांवर तो सदरा पांघरला, उलटी कॉलर नीट बसवली. रडली मात्र नाही. लेक लिमाहून आली होती, ती रडून रडून थकली. आसुन्ता पाहुण्यांना चिचा वाढत राहिली.

दफनभूमीत लाकडी क्रूस आणायचा राहून गेला होता. आसुन्ता म्हणाली, "ही आहे ना." तोरिबियोने मला गुडघ्यांवर आडवे घेतले आणि दगडाने ठोकून माझी मूठ वीतभर खाली सरकवली. एवढेच केले. वरच्या टोकाला असलेली मूठ खाली आली आणि मी क्रूस झाले. मग त्याने मला उशाशी ताज्या मातीत रोवले. मी भसकन आत गेले, पेटीच्या फळीला लागले आणि थांबले.

आसुन्ताने माझ्या पायाशी पाव ठेवला. त्या वाकलेल्या अवस्थेतच तिने उठायला म्हणून माझी मूठ धरली, सवयीने, आणि तिला उठता येईना. ती रडू लागली. आधी हळू, मग अंग हलवून. तिच्या हाताची थरथर माझ्या अंगातून खाली उतरली. आजवर खालचे वर जात आले होते, या वेळी वरचे खाली गेले. आणि मित्रांनो, इतक्या वर्षांनी माझ्या टोकाला कळले.

आता मी इथेच असते. गंजायला लागले आहे. घुबडाच्या वाकावर लाकडी जिना झाला आहे आणि वाट मोडली आहे. तुम्ही कधी अशा एखाद्या आडबाजूच्या, सोने नसलेल्या टेकाडावर गेलात, तर वीट खिशात घालू नका, माती उकरू नका. तिथे निजलेले सगळेच कोणाचे ना कोणाचे आहेत. आणि पायवाट एखाद्या जागी उगाच वळलेली दिसली तर हसू नका. राखणदाराला विचारा. तो म्हणेल, विटा सैल आहेत. पुन्हा एकदा विचारा. आसुन्ताला तेवढे एकदा कोणी पुन्हा विचारले नाही.

मृतांच्या दिवशी ती येते, माझी मूठ धरून खाली बसते. आम्ही दोघी गप्पच असतो. माझ्या टोकाखाली तो आहे, आणि आता मला कुठेही दाबून बघायचे नाही.